विशेष लेख : चिमुकल्यांना इतिहास कसा शिकवावा? अड्यारच्या प्रयोगाचा आजचा अर्थ

अड्यार (चेन्नई) : आजी लहान असताना डायनासोर होते का, हा प्रश्न सहा-सात वर्षांचे मूल अगदी गंभीरपणे विचारते. मोठ्यांना त्याचे हसू येते. परंतु इयत्ता पहिली ते पाचवीच्या शिक्षकांपुढील एक जुनी अडचण या प्रश्नात दडलेली आहे. ज्या मुलाला 'परवा' आणि 'गेल्या वर्षी' यांतील अंतर अद्याप नीट उमगलेले नाही, त्याला शेकडो, हजारो आणि कोट्यवधी वर्षांपूर्वीचे काय व कसे सांगायचे?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० आणि त्यावर आधारित २०२३ चा शालेय शिक्षणाचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा यांमुळे या प्रश्नाला नव्याने महत्त्व आले आहे. आराखड्यानुसार तिसरी ते पाचवी या पूर्वतयारीच्या टप्प्यात इतिहास हा स्वतंत्र विषय नाही. भूगोल, विज्ञान आणि समाजजीवन यांच्यासह तो 'आपल्या सभोवतालचे जग' या एकत्रित विषयात समाविष्ट होतो. सामाजिक शास्त्रांचा पद्धतशीर अभ्यास सहावीपासून सुरू होतो. त्यामुळे एखादे ऐतिहासिक सूत्र निवडून काही आठवडे किंवा संपूर्ण सत्र त्याभोवती भाषा, गणित, चित्रकला आणि परिसर अभ्यास गुंफण्याच्या पद्धतीकडे शाळांचे लक्ष वळले आहे.

ही पद्धत मुलांना आवडते. मात्र ती नीट हाताळली नाही, तर इतिहासाच्या नावाखाली केवळ कागदी मुकुट, वेशभूषा आणि तक्ते शिल्लक राहतात. योग्य आखणी कशी असावी, याचा विचार करताना चेन्नईतील अड्यार नदीच्या दक्षिण तीरावर आठ दशकांपूर्वी झालेल्या कामाकडे पाहणे उपयुक्त ठरते.

अड्यारमध्ये काय घडले?

थिऑसॉफिकल सोसायटीचे मुख्यालय डिसेंबर १८८२ पासून अड्यार येथे आहे. सोसायटीचे तत्कालीन अध्यक्ष जॉर्ज अरुंडेल यांच्या निमंत्रणावरून इटालियन शिक्षणतज्ज्ञ मारिया मॉन्टेसरी नोव्हेंबर १९३९ मध्ये येथे आल्या. त्या वेळी त्यांचे वय ६९ वर्षांचे होते. त्यांच्यासोबत पुत्र मारिओ हेही होते. भारताच्या विविध भागांतून आलेले सुमारे ३०० जण पहिल्या प्रशिक्षण वर्गात सहभागी झाले. काही महिन्यांचा हा दौरा पुढे अनेक वर्षांचा झाला, त्याचे कारण दुसरे महायुद्ध होते.

जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरली आणि ब्रिटिश भारतातील इटालियन नागरिक शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. मारिओ यांना तत्कालीन अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर येथील छावणीत स्थानबद्ध करण्यात आले. मारिया यांना अड्यारच्या आवारातच राहण्याचे बंधन घालण्यात आले. ३१ ऑगस्ट १९४० रोजी त्यांच्या सत्तराव्या वाढदिवशी व्हाइसरॉयच्या आदेशाने मारिओ यांची सुटका झाली. त्यानंतरच्या काळात मायलेकांनी अड्यार, कोडाईकनाल आणि देशातील इतर ठिकाणी काम सुरू ठेवले. १९४६ मध्ये त्या युरोपला परतल्या, पुन्हा भारतात आल्या आणि १९४९ मध्ये त्यांचे भारतातील वास्तव्य संपले.

मॉन्टेसरी हे नाव भारतात प्रामुख्याने बालवाडीशी जोडले जाते. तथापि सहा ते बारा वर्षे वयोगटासाठीच्या त्यांच्या 'वैश्विक शिक्षण' या कल्पनेची सविस्तर बांधणी भारतातील वास्तव्यातच झाली. तिची बीजे आधीची होती. कोडाईकनालच्या निसर्गात आणि तेथील मिश्र वयाच्या मुलांच्या वर्गात तिला प्रत्यक्ष रूप मिळाले. या विचाराची मांडणी करणारा 'टू एज्युकेट द ह्युमन पोटेन्शियल' हा ग्रंथ १९४८ मध्ये अड्यार येथील कलाक्षेत्राने प्रसिद्ध केला.

आधी संपूर्ण, मग भाग

लहान मुलांना आधी जवळचे आणि मग दूरचे शिकवावे, हा रूढ संकेत आहे. घर, गल्ली, गाव, जिल्हा, राज्य आणि देश असा तो क्रम असतो. महाराष्ट्रातील परिसर अभ्यासाची पुस्तके साधारणपणे याच वाटेने गेली आहेत. तिसरीला आपला जिल्हा, चौथीला छत्रपती शिवाजी महाराजांचे चरित्र सांगणारे 'शिवछत्रपती' आणि पाचवीला इतिहास म्हणजे काय, कालगणना, सजीवांची उत्क्रांती व पाषाणयुग अशी ही रचना आहे.

मॉन्टेसरी यांनी हा क्रम उलटा केला. सहा वर्षांच्या मुलाची कल्पनाशक्ती प्रबळ असते. त्यामुळे त्याला प्रथम सर्वांत मोठी गोष्ट सांगावी, असे त्यांचे म्हणणे होते. विश्व, पृथ्वी, सजीव, माणूस, लेखन आणि अंक यांच्या जन्मकथा वर्षाच्या आरंभी सांगितल्या जातात. एकदा हा मोठा पट डोळ्यांसमोर आला, की पुढे शिकलेली प्रत्येक बारीक गोष्ट कुठे ठेवायची हे मुलाला कळते.

यासाठीची साधने साधी आहेत. त्यांतील एक म्हणजे काळ्या कापडाची लांबलचक पट्टी. ती शाळेच्या व्हरांड्यात किंवा मैदानावर उलगडतात. पट्टीची संपूर्ण लांबी म्हणजे पृथ्वीचे वय आणि अगदी टोकाचा चिमूटभर वेगळ्या रंगाचा भाग म्हणजे माणसाचा काळ. ही पट्टी ३० मीटरची घेतली, तर ४६० कोटी वर्षांच्या हिशेबाने तिचा एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे १५ लाख वर्षे होतात. सुमारे तीन लाख वर्षांपूर्वी अवतरलेला आधुनिक मानव तिच्यावर जेमतेम दोन मिलिमीटर जागा घेतो. लेखनाचा सुमारे पाच हजार वर्षांचा इतिहास तर माणसाच्या केसाच्या जाडीहूनही कमी भरतो. मुलांना ही गणिते करावी लागत नाहीत. पट्टीच्या कडेने चालत गेल्यावर अंतर पायांनाच जाणवते. आजी आणि डायनासोर यांच्यात किती पावले आहेत, हे मूल स्वतः पाहते.

दुसरे साधन म्हणजे घड्याळ. पृथ्वीचा सगळा काळ बारा तासांत बसवला, तर आधुनिक मानव अखेरच्या सुमारे तीन सेकंदांत येतो. तिसरे साधन म्हणजे माणसाच्या गरजांचा तक्ता. अन्न, वस्त्र, निवारा, संरक्षण, प्रवास, कला आणि श्रद्धा या गरजा प्रत्येक काळातील माणसाला होत्या. त्या भागवण्याच्या रीती मात्र बदलत गेल्या. एखादा राजा, एखादे नगर किंवा एखादी नदी असा कोणताही विषय घेतला, तरी हे लोक काय खात होते, कशात राहत होते आणि एका ठिकाणाहून दुसरीकडे कसे जात होते, हे तेच ते प्रश्न विचारता येतात. सातवर्षीय मुलाला पेलणारी इतिहासाची पद्धत ती हीच.

मुलांची कालजाणीव

स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी मुलांच्या कालजाणिवेवरील आपला ग्रंथ १९४६ मध्ये प्रसिद्ध केला. लहान मुले वय आणि उंची यांची गल्लत करतात, हे त्यांनी दाखवून दिले. उंच झाड म्हणजे जुने झाड, उंच माणूस म्हणजे वयाने मोठा माणूस, असे त्यांना वाटते. यावरून लहान वयात इतिहास शिकवणे व्यर्थ आहे, असा निष्कर्ष अनेकांनी काढला.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी १९६० मध्ये वेगळी भूमिका घेतली. कोणताही विषय, त्याच्या गाभ्याशी प्रामाणिक राहून, कोणत्याही वयाच्या मुलाला समजेल अशा रूपात मांडता येतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. इतिहासाच्या संदर्भात याचा अर्थ असा, की सनावळी पुढे येऊ शकते. परंतु 'आधी काय, नंतर काय', 'काय बदलले, काय तसेच राहिले' आणि 'हे आपल्याला कशावरून कळले' हे तीन प्रश्न पहिलीच्या वर्गातही विचारता येतात. सत्रभराचा विषय इतिहासाचा आहे की केवळ सजावटीचा, हे या तीन प्रश्नांवरून ठरते.

इंग्लंडचा अनुभव

एका सूत्राभोवती सगळे विषय गुंफण्याचा प्रयोग इंग्लंडमधील प्राथमिक शाळांनी मोठ्या प्रमाणावर केला. १९६७ च्या प्लाउडेन अहवालाने बालककेंद्री शिक्षणाचा पुरस्कार केल्यानंतर तेथे ही पद्धत रुजली. रोमन लोक किंवा व्हिक्टोरियन काळ असा एक विषय घेऊन वर्ग आठवडेच्या आठवडे काम करीत.

पंचवीस वर्षांनी, १९९२ मध्ये, तेथील सरकारने नेमलेल्या तीन तज्ज्ञांच्या अहवालाने या पद्धतीवर कठोर टीका केली. अशा कामात ज्ञानाचे तुकडे पडतात आणि अध्यापन उथळ होते, असा त्यांचा आक्षेप होता. विषय एकत्र आणण्याला त्यांचा सरसकट विरोध नव्हता; प्रत्येक विषयाचा गाभा सांभाळला जात नाही, ही त्यांची तक्रार होती. आज इंग्लंडच्या अभ्यासक्रमात पाच ते सात वयोगटासाठी इतिहासाचे चार घटक ठरवून दिले आहेत. जिवंत माणसांच्या स्मरणातील बदल, त्यापलीकडच्या महत्त्वाच्या घटना, उल्लेखनीय व्यक्तींची चरित्रे आणि स्वतःच्या परिसरातील इतिहास हे ते घटक होत. विषयसूत्र कोणतेही असो, शिक्षकाने हे चार घटक साधायचे असतात.

मराठी वाटचाल

विषय जोडून शिकवण्याची कल्पना महाराष्ट्राला परकी नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेतून पुढे आलेल्या नई तालीमचा 'समवाय' हा पाया होता. हस्तोद्योग, निसर्ग आणि समाजजीवन यांच्या आधारे भाषा, गणित व इतिहास शिकवावा, असे त्यात अपेक्षित होते.

ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका यांनी १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना केली. मॉन्टेसरी अड्यारला येण्याआधीच या दोघांनी त्यांची पद्धत भारतीय मुलांसाठी वळवून घेण्यास सुरुवात केली होती. गिजुभाईंच्या 'दिवास्वप्न' या पुस्तकातील शिक्षक चौथीच्या वर्गाला गोष्टींच्या वाटेने शिकवतो. ताराबाई १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या. तेथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या आदिवासी वस्तीत पोहोचले. महागडी साधने परवडत नाहीत, तर बिया, शंख, काटक्या आणि माती वापरावी, ही त्यांची रीत होती. कालपट्टीसाठीही जुन्या साडीचा काठ किंवा सुतळी पुरते.

चौथीचे 'शिवछत्रपती' हा तर वर्षभर चालणारा एकच ऐतिहासिक विषय. महाराष्ट्रातील अनेक पिढ्यांनी तो अनुभवला आहे. दिवाळीत अंगणात किल्ला उभारणारे मूल नकळत इतिहासाचे प्रात्यक्षिक करीत असते. त्या किल्ल्यावर मावळे मांडून झाल्यावर गडावर पिण्याचे पाणी कुठून येत असे, धान्य कुठे साठवत, दरवाजा वळणावर का बांधत, असे प्रश्न विचारले गेले, तर चरित्राला पुराव्याची जोड मिळते. तसे झाले नाही, तर लक्षात राहतात त्या केवळ ठळक घटना.

शेजारच्या मुलाचा इतिहास

अड्यारच्या प्रयोगाची एक मर्यादाही नोंदवली पाहिजे. 'टू एज्युकेट द ह्युमन पोटेन्शियल'मधील संस्कृतींवरची प्रकरणे इजिप्त, बाबिलोन आणि ग्रीस यांच्यावर आहेत. ग्रंथ अड्यारमध्ये प्रसिद्ध झाला. तरी भारतावर त्यात स्वतंत्र प्रकरण नाही. मोठा पट मिळाला, पण त्या पटावर शेजारच्या मुलाचे घर दिसत नव्हते.

हे शेजारचे मूल अड्यारमध्ये अगदी जवळ होते. सोसायटीचे संस्थापक अध्यक्ष हेन्री स्टील ऑल्कॉट यांनी १८९४ मध्ये येथे तत्कालीन अस्पृश्य समाजाच्या मुलांसाठी मोफत शाळा सुरू केली. ती आजही ऑल्कॉट यांच्या नावाने चालते. सोसायटीच्या आवाराला लागून, समुद्रकाठी उरूर-ऑल्कॉट कुप्पम ही मच्छीमारांची वस्ती आहे. ज्या मुलांच्या आजोबा-पणजोबांची नोंद कोणत्याही पुस्तकात नाही, त्यांना इतिहास म्हणजे नेहमी दुसऱ्या कुणाची तरी गोष्ट वाटण्याचा धोका असतो. आंबेडकरी वस्तीतील, पारधी पालावरील किंवा ऊसतोड कामगाराच्या कोपीतील मराठी मुलाची स्थितीही वेगळी नाही. सत्रविषयाची आखणी करताना या मुलाला जागा आहे का, हा शैक्षणिक प्रश्नच आहे. कारण आजीची आठवण, घरातील जुने जाळे किंवा जाते हाही पुरावा आहे, हे कळले तरच पुरावा ही कल्पना त्याला कळते.

एक सत्र कसे आखता येईल?

तामिळनाडूने २०१२-१३ पासून पहिली ते आठवीसाठी त्रिसत्र पद्धत सुरू केली आणि पाठ्यपुस्तके सत्रनिहाय विभागली. एका सत्रात साधारण बारा आठवड्यांचे अध्यापन गृहीत धरले, तर अड्यार परिसरातील तिसरीच्या वर्गासाठी 'नदी आणि माणसे' असा विषय घेता येईल.

पहिल्या आठवड्यात काळी पट्टी उलगडावी आणि पृथ्वीची गोष्ट सांगावी. दुसऱ्या आठवड्यात प्रत्येक मुलाने सुतळीला आपल्या वयाइतक्या गाठी मारून स्वतःची कालरेषा करावी. पुढचे तीन आठवडे घरातील मोठ्यांशी बोलण्याचे. डिसेंबर २०१५ मध्ये अड्यार नदीला आलेला महापूर आणि २६ डिसेंबर २००४ ची त्सुनामी या घटना तिसरीतील मुलांच्या जन्माआधीच्या, पण पालकांच्या स्मरणातील आहेत. 'माझ्या आधीचा काळ' ही कल्पना यातून स्पष्ट होते. येथे एक पथ्य आवश्यक आहे. काही घरांनी या आपत्तींत माणसे गमावली आहेत, त्यामुळे बोलण्याची सक्ती कुणावरही नको.

त्यानंतरचा काळ वास्तू आणि खुणांचा. मुखाजवळचा, १९७७ मध्ये तुटलेला पूल मुलांना पाहता येतो. सोसायटीच्या आवारातील प्रसिद्ध वटवृक्षाचे वय सुमारे साडेचारशे वर्षे सांगितले जाते. त्याचे मुख्य खोड १९८९ च्या वादळात कोसळले. पारंब्यांचा विस्तार मात्र टिकून आहे. हा वृक्ष मुलांसाठी जिवंत कालपट्टी ठरू शकतो. १६३९ मध्ये मद्रासची वसाहत वसली आणि ऑक्टोबर १७४६ मध्ये फ्रेंचांच्या लहानशा तुकडीने याच नदीकाठी अर्काटच्या नवाबाच्या मोठ्या सैन्याला हरवले, तेव्हा हे झाड उभे होते का, हा प्रश्न वर्गात चर्चेला ठेवता येतो.

शेवटच्या टप्प्यात फार दूरचा काळ पुन्हा जवळ आणता येतो. ३० मे १८६३ रोजी भूगर्भशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट यांना दक्षिण चेन्नईतील पल्लावरम येथे पुराश्मयुगीन दगडी हत्यार सापडले. भारतातील प्रागैतिहासिक संशोधनाची सुरुवात या शोधापासून मानली जाते. चेन्नईपासून सुमारे ६० किलोमीटरवरील अत्तिरमपक्कम येथील हत्यारे सुमारे १५ लाख वर्षांपूर्वीची असल्याचे संशोधकांनी २०११ मध्ये जाहीर केले. म्हणजे ३० मीटरच्या पट्टीवर शेवटापासून बरोबर एक सेंटिमीटर. मुलांनी त्या जागी खूण करावी आणि दगडाचे हत्यार कशासाठी वापरत असतील, हे चित्र काढून सांगावे.

महाराष्ट्रातील शाळेला याच आराखड्यात आपली स्थळे भरता येतील. नदीऐवजी गड, लेणी, बाजारपेठ किंवा गावची विहीर चालेल. पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजच्या उत्खननात सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आली आहे. त्या लोकांच्या घरात, जेवणात आणि आपल्या जेवणात काय सारखे आहे, हा चौथीच्या मुलांना पुरेसा विषय आहे.

वेळ कुठून आणायचा?

शिक्षकांची खरी अडचण वेळेची आहे. मुलांना तिसरीपर्यंत वाचन, लेखन व गणन आलेच पाहिजे, यासाठी केंद्राने २०२१ मध्ये 'निपुण भारत' आणि तामिळनाडूने २०२२ मध्ये 'एण्णुम एळुत्तुम' ही मोहीम सुरू केली. त्यामुळे इतिहासाचा विषय म्हणजे अतिरिक्त ओझे, असे वाटू शकते.

याचे उत्तर समवायात आहे. आजीची मुलाखत लिहून काढणे हे लेखन आहे, गाठी मोजणे आणि पट्टी मापणे हे गणित आहे, पुलावरील पाटी वाचणे हे वाचन आहे. चेन्नई महापालिकेच्या शाळांनी २००३ पासून आयुक्त एम. पी. विजयकुमार यांच्या पुढाकाराने कृतियुक्त अध्ययन पद्धत स्वीकारली. ऋषी व्हॅलीच्या अनुभवावर उभी असलेली ही पद्धत २००७-०८ मध्ये राज्यभर नेण्यात आली. मुले जमिनीवर गटात बसून, कार्ड व साहित्य हाताळत आपल्या गतीने शिकू शकतात, हे सरकारी शाळांतही शक्य असल्याचे तिने दाखवले. इतिहासासाठी मात्र सुटी कार्डे पुरत नाहीत. ती ज्या धाग्यात ओवायची, ती गोष्ट शिक्षकालाच सांगावी लागते.

मूल्यमापनही त्याच धर्तीचे असावे. सनावळी पाठ म्हणून घेण्याऐवजी चार-पाच चित्रे क्रमाने लावण्यास सांगणे, एखादी जुनी वस्तू देऊन ती कशासाठी असेल हे विचारणे आणि 'हे तुला कशावरून वाटले' असे पुढे विचारणे, हे या वयाला पुरेसे आहे.

महाराष्ट्रात नवी रचना २०२५-२६ पासून पहिलीपासून टप्प्याटप्प्याने लागू होत आहे. तिसरी ते पाचवीची पाठ्यपुस्तके बदलतील, तेव्हा लांबचा पट, जवळचा पुरावा आणि वर्गातील प्रत्येक मुलाच्या घरचा भूतकाळ या तिन्ही गोष्टी त्यांत किती उतरतात, यावर इतिहासाची या वयातील पहिली ओळख अवलंबून राहील.